समुद्राचं शेवाळ आपल्या आंबराईत कसं आलं



नवेगाव बांधाच्या पाळीवर उभं राहा आणि कोणत्याही दिशेला सरळ रेघ मारा. चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. आपल्या भागातल्या किती तरी म्हाताऱ्या माणसांनी समुद्र फक्त टीव्हीत पाहिला. तरी आज अर्जुनी मोरगावात म्हणा, सडक अर्जुनीत म्हणा, कोणत्याही कृषी केंद्रात शिरलं की मांडणीवर समुद्र बाटलीत भरून ठेवलेला दिसतो. नाव प्रत्येकाचं वेगळं, पण खाली बारीक अक्षरात 'सीवीड' लिहिलेलं असते. म्हणजे समुद्री शेवाळ. काळपट, थोडं घट्ट, वास माशासारखा.

औंदा रोवण्याच्या दिवसात एका दुकानात मला सांगितलं, युरिया पाहिजे तर संगं दोन बाटल्या घ्याव्या लागतील. याला आपण लिंकिंग म्हणतो. घेणारा मी एकटा नव्हतो, रांगेतल्या सगळ्यांच्या पिशवीत एक-एक, दोन-दोन बाटल्या होत्या. घरी आल्यावर शेजारचा पोरगा विचारते, "काका, हे आंब्याले मारलं तर दरवर्षी धरते म्हणतात, खरं हाय का गा?" त्याला एका शब्दात हो किंवा नाही म्हणता येत नाही. म्हणून ही नोंद जरा लांब आहे. हे शेवाळ शेतात आलं कुठून, कोणी आणलं, झाडाच्या आत ते काय करते, आणि कुठवर करते, हे सगळं ओळीनं सांगतो. ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटची युरियाच्या गोणीची बेरीज तेवढी वाचावी.

पहिले एक गोष्ट. शेवाळ म्हटलं की आपल्याला बोडीतली हिरवी साय आठवते. समुद्रातलं शेवाळ तसं नाही. खडकाला धरून वाढते, हात-हात लांब पट्टे असतात, काही जाती तर झाडाएवढ्या लांब. रंगावरून तीन घराणी मानतात, हिरवं, तांबडं आणि तपकिरी. बाटलीत येते ते बहुतेक तपकिरी नाहीतर तांबडं. तपकिरीतलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे अ‍ॅस्कोफायलम नोडोसम. हे थंड पाण्याचं शेवाळ, नॉर्वे, आयर्लंड, कॅनडाच्या किनाऱ्यावर होते. आपल्या देशात ते उगवतच नाही. तांबड्यातलं आपल्याकडचं म्हणजे कप्पाफायकस. याची कथा पुढं येते.

समुद्राकाठच्या शेतकऱ्याला हे खत म्हणून माहीत होतं ते फार जुन्या काळापासून. पहिल्या शतकात रोममध्ये कोल्युमेला नावाचा शेतीवर लिहिणारा माणूस होऊन गेला. कोबीचं रोप सहा पानांचं झालं की उपटून लावताना मुळांशी समुद्री शेवाळ द्या, असं त्यानं सांगून ठेवलं आहे. दोन हजार वर्षं झाली. म्हणजे बाटलीवर 'नवीन तंत्रज्ञान' छापलेलं असते, ते अर्धंच खरं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आयर्लंडच्या पश्चिमेच्या अरान बेटांची. तिथं नुसता खडक. माती नाहीच. लोकांनी काय केलं, तर किनाऱ्यावरची रेती आणि समुद्राचं शेवाळ पाठीवर टोपल्यांनी वाहून खडकावर थर दिले, थरावर थर, आणि माती बनवली. त्याच मातीत बटाटे लावले. वारं उडवून नेईल म्हणून बारक्या-बारक्या तुकड्यांना दगडाचे बांध. आपल्याकडं उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ काढून बांधीत टाकतात, तसाच हा प्रकार, फक्त आपल्याकडं खाली जमीन होती, त्यांच्याकडं तीही नव्हती. कोलू पाटलांनी सात टेकड्यांच्या मधात पाळ घालून आपला बांध बांधला असं आपण लहानपणापासून ऐकतो. पाणी अडवणाऱ्या कोहळी माणसाला आणि माती बनवणाऱ्या त्या आयरिश माणसाला एका जागी बसवलं असतं तर भाषा न समजता दोघांचं जमलं असतं, असं मला वाटते.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर तर शेवाळावरून भांडणं होत. १६८१ साली चौदाव्या लुईच्या राज्यात समुद्राचा मोठा कायदा झाला, त्यात शेवाळ कापण्याचे नियमसुद्धा आहेत. किनाऱ्यावरच्या गावानं जानेवारीच्या पहिल्या रविवारी जमायचं आणि त्या वर्षी किती दिवस कापायचं ते ठरवायचं. रात्री कापायला बंदी. तलावाच्या पाण्याची पाळी गावात कशी ठरवतात हे ज्यानं पाहिलं, त्याला हा कायदा वाचून नवल वाटणार नाही. ज्या वस्तूसाठी रात्रीची चोरी होते ती वस्तू शेतकऱ्याच्या कामाची असलीच पाहिजे.

मग मधात शे-दीडशे वर्षं अशी आली की शेवाळ शेतात कमी आणि भट्टीत जास्त गेलं. स्कॉटलंडच्या बेटांवर ते वाळवून जाळायचे आणि राख विकायचे, काच आणि साबण करायला. फ्रान्समध्ये १८११ साली बर्नार्ड कुर्त्वा नावाचा माणूस बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा बनवत होता. त्यासाठी तो शेवाळाची राख वापरत असे. त्या राखेच्या पाण्यात आम्ल जास्त पडलं आणि जांभळा धूर निघाला. तेच आयोडीन. आपल्या मिठाच्या पुडीवर ज्याचं नाव असते ते. पुढं पहिल्या महायुद्धात जर्मनीचं पोटॅश येणं बंद झालं तेव्हा अमेरिकेनं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जहाजं लावून समुद्रातलं मोठं शेवाळ कापलं. १९१६ मध्ये तिथं हर्क्युलीस पावडर कंपनीनं कारखाना टाकला आणि शेवाळातून पोटॅश आणि दारूगोळ्याला लागणारं अ‍ॅसिटोन काढलं. युद्ध संपलं, जर्मनीचं स्वस्त पोटॅश परत आलं, हा धंदा बसला. यातून आपल्या कामाची एक गोष्ट कळते. शेवाळात पोटॅश आहे, पण खाणीतल्या पोटॅशशी भावात ते टिकत नाही. पोटॅशसाठी म्हणून कोणी सीवीड घेत असेल तर त्याचा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच लागून गेला आहे.

आता बाटलीची कथा. ती दुसऱ्या महायुद्धातून निघाली, आणि तिचा धागा आपल्या देशाशी जुळतो. इंग्लंडला पोते-दोरीसाठी ज्यूट लागायचा, तो बंगालातून जायचा. युद्धात जहाजं बुडू लागली तशी ज्यूटची पंचाईत झाली. तेव्हा समुद्री शेवाळातून धागा काढता येतो का, याची तिथं तपासणी सुरू झाली. या कामात रेजिनाल्ड मिल्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. धाग्याचं काही जमलं नाही. पण शेवाळ क्षार घालून दाबाखाली शिजवलं की त्याचा पातळ अर्क होतो, आणि तो पाण्यात मिसळून झाडाला देता येतो, हे त्यांनी बसवलं. १९५२ साली त्यांच्या पद्धतीचं पेटंट झालं. विल्यम स्टीफन्सन नावाचे गृहस्थ त्यांच्या जोडीला होते, त्यांनी 'मॅक्सिक्रॉप' नावानं तो अर्क विकायला काढला. स्टीफन्सन यांनी पुढं १९६८ मध्ये शेती आणि बागायतीतल्या शेवाळावर पुस्तकही लिहिलं. गाडीभर ओलं शेवाळ वाहून नेण्याची गरज संपली. किनाऱ्यापासून लांबच्या शेतकऱ्यापर्यंत समुद्र पोहोचला तो इथून. नवेगावच्या मांडणीवरची बाटली ही त्याच बाटलीची नातपणतू.

पण ती चालू झाली तेव्हा एक अडचण होती. वापरणारे म्हणत की फरक पडतो, आणि तपासणारे म्हणत की यात आहे काय? नत्र नावाला, स्फुरद नावाला, पोटॅश थोडं. एकरी लिटर-अर्धा लिटर फवारून एवढ्या अन्नद्रव्यानं काय होणार? शास्त्रज्ञांची शंका रास्तच होती. मग हळूहळू तपास सुरू झाला की अन्न नाही तर मग दुसरं काय आहे.

१९७३ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारातल्या अशा अर्कात सायटोकायनिनसारखं काम दिसलं. सायटोकायनिन म्हणजे झाडाचं स्वतःचं संप्रेरक. पेशी फुटणं, नवा कोंब येणं, पान लवकर म्हातारं न होणं, ही त्याची कामं. सगळ्यांना वाटलं कोडं सुटलं, बाटलीत संप्रेरक आहे, ते झाडाला मिळते, झाड वाढते. दुकानदार अजून हेच सांगतात. त्यानंतर बीटेन सापडलं. हे पाण्याच्या ताणात पेशीतलं पाणी धरून ठेवायला मदत करते आणि पानातलं हरितद्रव्य लवकर मोडू देत नाही.

मग २०१३ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी नीट मोजमाप केलं आणि गोष्ट उलटी निघाली. अ‍ॅस्कोफायलमच्या अर्कात जेवढं संप्रेरक आहे ते इतकं कमी, की झाडात दिसणारा फरक तेवढ्यानं होऊच शकत नाही. मग फरक कशानं? तर अर्क दिल्यावर रोपानं स्वतःचंच सायटोकायनिन जास्त बनवलं, आणि ऑक्सिन कमी बनवलं. म्हणजे बाटलीतून संप्रेरक जात नाही, बाटलीतून निरोप जातो. काम झाडच करते. मला हा सगळ्या इतिहासातला महत्त्वाचा टप्पा वाटतो, कारण यावरूनच कळते की हे द्रव्य कुठं चालेल आणि कुठं नाही. उपाशी माणसाला किती निरोप द्या, त्याच्यात काम करायची ताकद पाहिजे ना.

निरोप कोण नेते? तपकिरी शेवाळात अल्जिनेट, लॅमिनॅरिन, फ्युकॉइडन अशा नावांच्या लांब-लांब साखळीच्या साखरा असतात. आपल्या जमिनीवरच्या झाडांत या नसतात. लॅमिनॅरिनची गंमत अशी की त्याची घडण बुरशीच्या कातडीतल्या साखरेसारखी आहे. पानावर ते पडलं की झाडाला वाटते बुरशी आली, आणि ते आपली तयारी करू लागते. फ्रान्समध्ये २००० च्या सुमारास तंबाखूवर हे दाखवलं गेलं, आणि त्यावरून पिकाची रोगप्रतिकारशक्ती जागी करणारं औषधही तिथं निघालं. ज्याला बुरशी म्हणून ओळखलं ती बुरशी नाहीच, तालमीतली कुस्ती म्हणा. पण तालमीतल्या कुस्तीतही दम खर्च होतो, हे ध्यानात ठेवा. खरा करपा आल्यावर सीवीड मारून बुरशीनाशक वाचवायला जाऊ नका.

मात्रेची गोष्ट दक्षिण आफ्रिकेत नीट कळली. तिथल्या समुद्रात एक्लोनिया मॅक्सिमा नावाचं मोठं तपकिरी शेवाळ आहे. ते न शिजवता, थंड पद्धतीनं पेशी फोडून अर्क काढतात. नाताळ विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये टोमॅटोच्या मुळांवर पाहिलं, की पातळ अर्कानं मुळं वाढली आणि दाट अर्कानं उलट आखडली. आपल्याकडं सवय अशी की पंपाला एक झाकण लिहिलं असेल तर दोन टाकायचे, पावर वाढते म्हणून. युरियात ती सवय पैसे खाते, यात ती मुळं खाते.

आता झाडांचं. धानाचं पीक साडेतीन-चार महिन्यांचं, त्याला जे द्यायचं ते त्या चार महिन्यांत. झाडाचा कारभार वेगळा. आंबा, संत्रा, सफरचंद, ही झाडं यंदा कमावलेलं पुढच्या वर्षासाठी खोडात, मुळांत साठवतात. यंदा फळ लदलं की साठा संपते, आणि फळातल्या बियांमधून निघणारी संप्रेरकं पुढच्या वर्षीच्या फुलाचा डोळा तयार होऊ देत नाहीत. म्हणून एक वर्ष आड धरते. आपल्या गावठी आंब्याचं हेच दुखणं, आणि शेजारच्या पोराचा प्रश्न याच्यावरच आहे.

यावर इटलीत सफरचंदाच्या फुजी जातीवर काम झालं, २००९ मध्ये ते छापून आलं. अ‍ॅस्कोफायलमचा अर्क दिलेल्या झाडांत पानांचा हिरवेपणा आणि अन्न बनवण्याची ताकद वाढली, आणि आड वर्षाचा फटका काही प्रमाणात सौम्य झाला. 'सौम्य झाला' हे शब्द वाचून घ्या. मोडला नाही. आणि ते सफरचंद, आपला आंबा नाही. आंब्याला यानं 'दरवर्षी धरते' अशी खात्री कोणी देत असेल तर त्याला एवढंच विचारा की कोणत्या वाणावर, किती वर्षं पाहिलं. आड वर्षाची गोष्ट एका वर्षात कळतच नाही.

नागपूर, अमरावतीच्या संत्रावाल्या भावांसाठी दुसरं काम जास्त कामाचं आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात हॅम्लिन जातीच्या मोसंबीवर्गीय कलमांवर २०११ मध्ये प्रयोग छापला गेला. कुंडीतली नर्सरीची कलमं, त्यांचं पाणी निम्म्यावर आणलं, काहींना अ‍ॅस्कोफायलमचा अर्क दिला, काहींना नाही. पाण्याच्या ताणात अर्कवाली कलमं जास्त वाढली. मला यात दम दिसतो, कारण जिथं झाड संकटात आहे तिथं निरोपाला किंमत आहे. भरपूर पाणी, भरपूर खत, निरोगी झाड, तिथं सीवीडचा फरक डोळ्याला दिसणं कठीण. इंग्लंड-इटलीत शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांवरही असे प्रयोग झाले, नवीन लावलेलं झाड जगावं म्हणून. तिथं निकाल एकसारखे नाहीत. कुठं जातीनुसार फरक दिसला, कुठं काहीच नाही. हे लोकांना सांगितलं की लोक नाराज होतात, पण प्रयोग असेच असतात.

आता आपल्या देशाकडं येऊ. दक्षिणेच्या किनाऱ्यावर नारळाच्या बागेत शेवाळ खत म्हणून टाकायची जुनी रीत होती. भावनगरला १९५४ मध्ये केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था निघाली. नावात मीठ आहे म्हणून आपल्याला वाटते मिठागराचं काम, पण आपल्या देशातला सीवीडचा बहुतेक कारभार तिथूनच सुरू झाला. तिथं फ्रान्सेस्का थिवी नावाच्या शैवालतज्ज्ञ बाईंनी १९६० च्या आसपास भारतातल्या समुद्री शेवाळांच्या उपयोगावर लिहून ठेवलं. गोव्याच्या दोना पावला इथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ती १९६६ सालची. तिथल्या धारगळकर, जगताप आणि उंटवाले यांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या शेवाळांत काय काय घटक आहेत ते तपासून १९८० मध्ये छापलं. म्हणजे कोकणच्या खडकावर काय उगवते, याचा कागद चाळीस वर्षांपूर्वीच तयार होता. पण त्याचा मोठा धंदा कोकणात उभा राहिला नाही, तो राहिला तमिळनाडूत.

त्याला कारण कप्पाफायकस अल्वारेझी. हे मूळचं फिलिपिन्सकडचं तांबडं शेवाळ. भावनगरच्या संस्थेनं १९८४ मध्ये जपानमार्गे त्याचे तुकडे आणले आणि सौराष्ट्रात ओखा बंदराला वाढवून पाहिले. मग ते तमिळनाडूत मंडपमला, रामनाथपुरम जिल्ह्यात गेलं. याचं बी नसते. उसाच्या बेण्यासारखे तुकडे दोरीला बांधायचे, बांबूच्या चौकटीचा तराफा करायचा आणि समुद्रात सोडायचा. पंचेचाळीस दिवसांत काढणी. हे काम तिथं मोठ्या प्रमाणात मासेमार घरातल्या बायांनी उचललं. २००० नंतर पेप्सी कंपनीनं यात पैसा टाकला, आणि २००८ मध्ये तो धंदा अ‍ॅक्वाअ‍ॅग्री नावाच्या कंपनीकडं गेला. त्यांना खरं पाहिजे होतं कॅराजीनन. आइस्क्रीम आणि दुधाचे पदार्थ घट्ट करायला वापरतात तो चिकट पदार्थ.

इथं भावनगरच्या शास्त्रज्ञांनी खरी हुशारी केली. आधी लोक शेवाळ वाळवून कॅराजीनन काढायचे, पाणी उन्हात उडून जायचं. यांनी ताजंच शेवाळ चरकासारखं चिरडून रस वेगळा केला आणि चोथा वेगळा. चोथ्यातून कॅराजीनन, आणि रस गाळून शेतीला. २००५ मध्ये याचं अमेरिकन पेटंट मिळालं. ज्या घरात उसाचा रस काढून चोयट्या जाळायला ठेवतात त्या घरातल्या माणसाला हे लगेच समजेल, फक्त इथं उलटं, चोथा महाग आणि रस उरलेला. आज इफकोची 'सागरिका' म्हणून जी बाटली येते, ती याच घराण्यातली, तिच्यावर २८ टक्के असं लिहिलेलं असते. मी इफकोचा एजंट नाही. आपल्या सोसायटीत तीच दिसते म्हणून नाव घेतलं.

या रसावर देशातल्या बऱ्याच कृषी विद्यापीठांत आणि केंद्रांत प्रयोग झाले. धानावर मेघालयात उमियमच्या केंद्रातही झाले, उत्पन्न वाढल्याचं २०१८ मध्ये छापून आलं. पण अशा प्रयोगांत एक गोष्ट असते जी बाटलीवर कधी छापत नाहीत. तुलना असते ती पूर्ण खत अधिक रस, आणि पूर्ण खत अधिक नुसतं पाणी, यांची. खत कापून रस दिला असं बहुतेक ठिकाणी नाही. आणखी एक मजेशीर प्रयोग भावनगरचाच, २०१५ चा. रसात जिबरेलिन नावाचं संप्रेरक असते. ते काढून टाकून मक्यावर फवारलं, तर दाणा कमी झाला नाही आणि कडबा जास्त झाला. ज्याच्या घरी ढोरं आहेत त्यानं हे वाचावं. बाटलीत जितके जास्त घटक तितकी ती चांगली, हा समज इथं मोडतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००८ मध्ये मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ हे परदेशी शेवाळ तराफ्यातून सुटून प्रवाळावर पसरल्याचं शास्त्रज्ञांनी दाखवलं. आपल्या तळ्यात बेशरम कशी आली आणि काठ कसा खाऊन बसली, ते आपण पाहतोच. बाहेरून आणलेलं कामाचं झाड कधी घरचं मालक होऊन बसेल, काही सांगता येत नाही.

आता कायद्याचं, कारण खिशाचा प्रश्न त्यातच आहे. पुष्कळ वर्षं अशी गेली की सीवीड, ह्युमिक, अमिनो, ही सगळी द्रव्यं ना खतात मोडत होती ना कीटकनाशकात. कोणीही बाटली भरावी, कोणीही विकावी. २३ फेब्रुवारी २०२१ ला खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजक हा वेगळा वर्ग आला, आणि समुद्री शेवाळाचा अर्क त्यात घातला. कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या वर नसावा हेही त्यात आलं, कारण काही बाटल्यांत गुपचूप कीटकनाशक घातलेलं असायचं, आणि शेतकऱ्याला वाटायचं सीवीडनंच अळी मेली. कंपन्यांना तात्पुरती परवानगी होती, ती १६ जून २०२५ ला संपली. त्याच जुलैत केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सांगितलं की पूर्वी तीस हजारांच्या आसपास अशी उत्पादनं बिनबोभाट विकली जात होती, मग आठ हजार उरली, आणि आता साडेसहाशेच्या आसपास. तीस हजारांतली किती आपल्या गोंदिया जिल्ह्यात आली आणि किती आपल्या बांधीत जिरली, ज्याचा त्यानं घरातल्या रिकाम्या बाटल्या काढून अंदाज करावा. खतासोबत जबरीनं दुसरं द्रव्य गळ्यात मारण्यालाही परवानगी नाही. पक्कं बिल मागा. बिल मागितलं की पुष्कळ वेळा बाटली आपोआप मांडणीवर परत जाते, हा माझा अनुभव आहे.

आता ती बेरीज. युरियाची गोणी ४५ किलोची, नत्र ४६ टक्के. म्हणजे एका गोणीत २० किलो ७०० ग्रॅम नत्र. सीवीडची बाटली एक लिटरची, तिचं सगळं वजन साधारण किलोभर. त्या किलोत सगळंच्या सगळं नत्र असतं तरी ते गोणीच्या विसाव्या हिश्श्याएवढंही झालं नसतं, आणि त्यात नत्र नावालाच आहे. म्हणून 'ही बाटली मारा, एक गोणी वाचते' असं सांगणाऱ्यापुढं कागद-पेन ठेवा. पानं हिरवी दिसतील, हरितद्रव्य टिकते म्हणून. पण हिरवं दिसणं आणि पोट भरणं या दोन गोष्टी आहेत.

गावातल्या दोन-तीन तरुण पोरांनी मला विचारलं, आपल्या बांधात एवढी पाणवनस्पती आहे, तिचाच अर्क काढून विकला तर? उत्साह चांगला आहे. पण तळ्यातलं हायड्रिला, चिला वगैरे ही शेवाळ नाहीतच, ती फुलं येणारी गोड्या पाण्यातली झाडं आहेत. त्यांच्यात लॅमिनॅरिन नाही, अल्जिनेट नाही, कॅराजीनन नाही. ज्या साखरा निरोप नेतात त्याच नाहीत, तर अर्क काढून काय नेणार? खत म्हणून मात्र ती चांगली. ढीग घालून, शेणकाला टाकून कुजवली तर बांधीला सोनं. आणखी दोन गोष्टी. हा परिसर २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे, वनखात्याला न विचारता काही उपसू नका. आणि या वनस्पतींवर आपले मासे आणि हिवाळ्यातले पाहुणे पक्षी जगतात, ढिवर भावांना विचारून पाहा, कोणती वनस्पती गेली की कोणती मासळी गेली, ते बोटावर मोजून सांगतील. काढायचीच असेल तर बेशरम काढा, तिला कोणी नाही म्हणणार नाही.

टसरवाल्यांसाठी एक वेगळी ओळ. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर ज्यांचे किडे आहेत, त्यांनी पान वाढावं म्हणून ही बाटली झाडावर फवारू नये. किडा तेच पान खाते. बाटलीत कंपनीनं सीवीडसोबत आणखी काय घातलं आहे हे तुम्हाला दिसत नाही. फवारायचीच असेल तर रेशीम कार्यालयात विचारून, आणि किडे सोडण्याच्या बऱ्याच आधी.

माझ्याकडं आंब्याची चौदा झाडं आहेत, गावठी आणि कलमी मिळून. लिंकिंगमध्ये आलेल्या बाटल्या फेकून देण्यापेक्षा मी त्या सात झाडांना लेबलावरच्या मात्रेनं दिल्या आहेत, पावसाळा संपल्यावर एकदा, आणि मोहोराच्या आधी आणखी एकदा देईन. उरलेल्या सातांवर त्याच दिवशी नुसतं पाणी. शेणखत चौदाही झाडांना सारखंच. झाडांना चुन्यानं नंबर टाकले आहेत आणि जोड्या लावताना जुनं झाड जुन्यासमोर, कलम कलमासमोर धरलं आहे. आड वर्षाचा प्रश्न आहे म्हणून मोजणी सलग चार वर्षं करायची आहे, फळं किती आणि वजन किती. कोणाकडं आंबा किंवा संत्रा असेल आणि असंच अर्धं-अर्धं करून पाहायची तयारी असेल तर मला कळवा, मोजणी एकाच पद्धतीनं करू म्हणजे आकडे एकमेकांशी जुळवता येतील. पहिल्या वर्षाचे आकडे मृगाच्या आत, पाड उतरल्यावर, याच ठिकाणी टाकतो.